सायखेड्याचे चार दिवस

कराचीवहिनी घराबाहेर पडताना आधी वहीत लिहायच्या आणि मगच दाराला कडी घालायच्या. भाजीला निघाल्या तरी, दळणाला निघाल्या तरी. किती वाजता निघाले, कुठे गेले, परत कधी आले. वही दारामागच्या खिळ्याला टांगलेली असे आणि पेन्सिल तिला सुतळीने बांधलेली. सिडकोत त्या आमच्या शेजारी राहायला आल्या तेव्हा नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. मला वाटलं, बाई विसराळू असतील.

विसराळूपणाचा संबंधच नव्हता. वहिनींचा जन्म कराचीचा. फाळणीच्या कितीतरी आधी बंदरावर कामाला गेलेलं मराठी कुटुंब तिकडेच राहिलं, आणि नात्यातल्या नात्यात सोयरीक जुळून ही मुलगी नाशकात सून म्हणून आली. बोलायच्या अगदी जुन्या वळणाचं मराठी, मध्येच एखादा ‘फिकर’ नाहीतर ‘वक्त’. पण शाळा झाली उर्दूत, त्यामुळे मराठी बाईला मराठी वाचता येत नसे. वहीतलं मराठीही उर्दू अक्षरांत, उजवीकडून डावीकडे. मी शाळेत मराठी शिकवणारी, मला याची भारी गंमत वाटायची. तुमचं मराठी उलटं चालतं, असं मी चिडवायचे. त्या म्हणायच्या, “घरी पोचतं ना ताई? मग झालं.”

पासपोर्ट अजून तिकडचाच होता. इथे राहायची परवानगी दरवर्षी वाढवून घ्यावी लागे, आणि तीही नाशिक शहरापुरती. हद्द ओलांडायची तर आधी कचेरीत अर्ज. नागरिकत्व हवं तर ठरलेली वर्षं इथे काढलेली असायला हवीत, आणि अर्जाआधीचं अख्खं वर्ष देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही. वही त्यासाठी. खरं तर ती कोणी मागितलीच नव्हती. “ते विचारतील तेव्हा मी आठवत बसायला नको,” एवढंच त्यांचं म्हणणं.

कराचीत त्यांची आई अर्धांगवायूने अंथरुणावर होती. रविवारी नाक्यावरच्या एसटीडी बूथवरून फोन व्हायचा, आणि आई एकच विचारायची, कधी येतेस. वहिनी गेल्या असत्या तर वर्ष मोडलं असतं, आणि परतीचा व्हिसा मिळेलच असं कोणी सांगू शकत नव्हतं. इथे दोन मुलं. तेव्हा आधी इथला पासपोर्ट आणि मग आई, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. फोनवर त्या म्हणत, “कागद झाला की आलेच.” दर रविवारी हेच वाक्य, तेच हसू. बूथमधून बाहेर येताना मात्र हसू नसायचं.

तेवढ्यात सासरे वारले. नवऱ्याचं गाव सायखेडा, गोदावरीच्या काठावर, नाशकाहून फार तर तासाभराचं. दहाव्यापासून तेराव्यापर्यंत वहिनी तिथे राहिल्या. आपल्याच गावाला जायला परवानगी लागते, हे त्या गडबडीत कोणाच्या ध्यानातही आलं नाही. वहीत मात्र त्यांनी लिहिलं होतं.

काही महिन्यांनी नागरिकत्वाचा अर्ज भरायला त्या माझ्याकडे आल्या. प्रवासाचा रकाना आला तशी त्यांनी वही उघडली आणि सायखेड्याचे चार दिवस लिहा म्हणाल्या. मी हसले. “अहो, गावाला जाणं हा काय प्रवास झाला?” असं म्हणून मी ठसठशीत अक्षरात ‘नाही’ लिहिलं. त्यांनी वही थोडा वेळ माझ्यापुढे तशीच धरून ठेवली, मग मिटली. जे वाचता येत नव्हतं त्याच्याखाली त्यांनी सही केली.

चौकशीला आलेला हवालदार भला माणूस होता. चहा घेता घेता त्याने सासूबाईंना विचारलं, सून कशी आहे. म्हातारीला सुनेचं कौतुक करायला निमित्तच हवं होतं. “लय गुणाची हाय. ह्यांच्या दहाव्याला सायखेड्याला चार दिवस चुलीपुढून उठली नाय.” हवालदाराने ते लिहून घेतलं. मी तिथेच उभी होते. वहिनींनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कप उचलून आत गेल्या.

अर्ज परत आला. विनापरवानगी हद्द ओलांडली आणि माहिती दडवली, म्हणून सगळं पुन्हा पहिल्यापासून. मी कचेरीत जाऊन सांगितलं की चूक माझी आहे. समोरच्या माणसाने कागद वळवून मला दाखवला. “सही त्यांची आहे,” तो म्हणाला. त्याचंही बरोबरच होतं. वहिनी मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

दुसरा अर्ज पडून असतानाच एका सकाळी कराचीहून निरोप आला, आई गेली. मी धावत गेले तर वहिनी दारामागे उभ्या राहून वहीत लिहीत होत्या. काय लिहिताय, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

नागरिकत्व मिळालं ते दोन हजार सालानंतर. प्रमाणपत्र दाखवायला आल्या तेव्हा सोबत वही होती. “रद्दीत घाला ताई. आता मला कोणी विचारणार नाही.” आता कराचीला जाऊन या, असं मी उगाच म्हटलं. “कोणाकडे?” त्या म्हणाल्या, आणि पोळ्या राहिल्यात म्हणून उठल्या.

पुढे तीनेक वर्षांत साध्या तापाचं निमित्त होऊन त्या गेल्या. वही मी रद्दीत घातली नव्हती. ती घेऊन मी ओळखीच्या उर्दू मास्तरांकडे गेले. ते अडखळत वाचू लागले. भाजी, आठ ते साडेआठ. दळण. सायखेडा, मामंजींचा दहावा, चार दिवस. मग काही पानांनंतर, ताईंकडे अर्ज, सायखेडा लिहिलं नाही, ताई शिकलेल्या आहेत.

मी त्यांना पुढे वाचा म्हटलं. आणखी बरीच पानं उलटल्यावर ते थांबले, चष्मा नीट केला.

“आई गेली,” त्यांनी वाचलं. “आज कुठे गेले नाही.”