सहा पाइप आणि चंपाबाईचा पंख

तुम्ही कधी कुणावर चोरीचा आळ घेतलाय का? मनातल्या मनात नव्हे. लेखी, सही ठोकून, पोच घेऊन?

मी घेतलाय. ज्या बाईवर घेतला तिचीच गोष्ट सांगायला बसलोय, म्हणून आधीच कबूल करतो. नंतर कुणी 'अर्ज तर तुमचाच होता' म्हणत माझ्या तोंडापुढं कागद नाचवायला नको.

मी पुंडलिकनगरात राहतो. शाळा नववीत सुटली, पण माहितीचा अधिकार कलमासकट पाठ आहे. तो मला कुठल्या वकिलानं शिकवला नाही. ऑफिसांच्या पायऱ्या झिजवून आणि बाबू लोकांनी केलेला अपमान जागच्या जागी परत करून शिकलो. नवा रस्ता झाला की मी पायाच्या अंगठ्यानं कड उकरून बघतो. शेजारी म्हणतात, हा माणूस स्वतःच्या सावलीवरही अर्ज टाकील. टाकीन. सावली मंजूर मापापेक्षा आखूड निघाली तर का नाही टाकायचा?

तर हर्सूलच्या बाजूला एका बागेत प्राचीन प्राण्यांचे पुतळे उभे राहतायत असं कानावर आलं. पुतळे म्हटलं की माझं नाक आधी तिकडं वळतं. मंजूर नकाशाची प्रत मागवली. त्यात एक उडणारा प्राणी होता. दोन पायांवर पैलवानासारखा ताठ उभा, वटवाघळाचे पंख, आणि प्रत्येक पंखात चार लोखंडी पाइप, छत्रीच्या काड्यांसारखे फाकलेले. नकाशा घडी करून खिशात घातला आणि जागेवर गेलो. बघतो तर प्राणी चार पायांवर ओणवा, आणि एकेका पंखात एकच पाइप!

चारातून एक गेला, राहिले तीन. पंख दोन. सहा पाइप गेले कुठं?

बागेच्या मागच्या भिंतीला लागून पत्र्याची घरं आहेत. त्यातल्या एका घराबाहेर कॅनव्हासचे तुकडे वाळत घातलेले दिसले, त्याच कॅनव्हासचे ज्याचा पंख होता. दार सताड उघडं. बाजेखाली सहा पाइप. मी उंबऱ्याबाहेरूनच फोटो काढला. तिथल्याच एका म्हाताऱ्याला नाव विचारलं, तो म्हणाला, "चंपाबाईचं घर. ताडपत्र्या शिवती." संध्याकाळच्या आत अर्ज गेला. चंपाबाईच्या नावासकट.

आठ दिवसांत उत्तर आलं. एवढ्या लवकर मला आयुष्यात कधी उत्तर आलेलं नाही, आणि खरं तर तिथंच मला वास यायला हवा होता. उत्तरात लिहिलं होतं की संबंधित कारागिरास कामावरून कमी केलं आहे आणि प्राणी मंजूर नकाशाप्रमाणं दुरुस्त करण्यात येईल. मी टपरीवर सगळ्यांना चहा पाजला. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती खरंच होतेय की नुसता कागद रंगवलाय ते बघायला बागेत गेलो.

प्राण्याच्या पंखाखाली एक बाई बसली होती. छप्पन-सत्तावनची, हिरवं लुगडं, बोटाला चिंधी गुंडाळलेली, हातात दाभण. मला बघून ती उठली नाही.

"तुम्हीच का ते अर्जवाले भाऊ?"

"व्हय. मीच."

"बरं झालं आलात. मोजा."

तिच्या पुढ्यात गवतात सहा पाइप मांडलेले होते. मी मोजले. सहाच होते.

"आजून एकदा मोजा. एका मोजणीत तुमचं समाधान हुयाचं नाय, तोंडावरच दिसतंय."

मी खरंच परत मोजणार होतो. आता कसं मोजणार? "सरकारी माल घरी कशाला नेला?" मी आवाज चढवला.

"इथं ठिवला तर रातच्याला पाय फुटतेत लोखंडाला. माझं घर भिंतीला लागून, म्हणून नेला. सुदर्शनला इचारा."

सुदर्शन म्हणजे तिथला वेल्डर. त्यानं डोळ्यावरची काच वर केली. "काका, मावशीला मीच म्हणलो, ठिवा तुमच्याकडं. अर्जात माझं नाव लिहायला शाई संपली होती का?"

प्रत्येक पाइपावर खडूनं 'बाग' असं लिहिलेलं होतं. ते वाचल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की हुशार चोर असेल तर खडूनं लिहूनच ठेवील. माझं डोकं असंच चालतं, त्याला माझा इलाज नाही.

"बरं. मग पंखात का नाही घातले?"

आता मात्र ती उठली. "कारन त्या जनावराला तेवढी बोटं नव्हती पंखात!"

ही चंपाबाई मूळची पिशोरची. लग्न करून हर्सूलला आली. नवरा कडुबा जाधववाडीच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती उचलायचा. त्याच्या पाठीनं दगा दिला, तेव्हा हिनं एका ताडपत्रीवाल्याच्या दुकानासमोर बसून ट्रकवर झाकायचे फाटके हूड शिवायला घेतले. ड्रायव्हर हसायचे, "क्या बाई, ये ब्लाउज का काम नहीं है." पहिल्या वर्षी तिनं शिवलेला एक हूड जालन्याच्या पुढं चिंध्या होऊन परत आला. ती रडत बसली नाही. तो हूड तिनं जमिनीवर अंथरला आणि कुठं कुठं फाटलाय ते दिवसभर बघितलं. "कापड मधी फाटत नाय भाऊ. जिथं त्याला धरायला कुनी नसतं, जिथं ते फडफडतं, तिथं फाटतं." तेव्हापासून ती हुडाच्या मोकळ्या कडेकडं आतून बारीक दोऱ्या शिवून घालते. आज तेच ड्रायव्हर तिची वाट बघत ट्रक उभा करतात.

बागेचं काम तिला मिळालं ते याच हातामुळं. लोखंडी सांगाड्यावर कॅनव्हास ताणायचा, वरून फायबरचा लेप. नकाशा बघून तिनं पंख शिवायला घेतला आणि तिसऱ्या दिवशी अडली. पंख मिटेना. चार पाइप आडवे-तिडवे, मिटणार कसा?

"मी सुदर्शनला म्हणलं, ह्ये जनावर बसतं कसं? त्यो म्हणला, मावशी, पुतळ्याला कशाला बसायचंय? आरं पण पुतळा ज्याचा हाय त्याला तर बसायचं व्हतं की न्हाई? आभाळात खातं का, आभाळात अंडी घालतं का?"

तिची मुलगी करुणा कॉलेजला आहे. तिनं फोनवर फोटो दाखवला, दगडात उमटलेल्या जनावराचा. टेरोसॉर, नकाशात नाव होतं तेच. चंपाबाईनं तो फोटो बोटांनी मोठा केला आणि हाडं मोजली. हाताला तीन बोटं आखूड, नख्यांची. आणि चौथं बोट अंगापेक्षा लांब.

"हात पुढं करा," ती मला म्हणाली.

"कशाला?"

"कापनार नाय. करा."

मी केला. तिनं माझं करंगळीशेजारचं बोट पकडलं. "करंगळी नायच असं धरा. ह्ये बोट वाढत वाढत त्या झाडापतूर गेलंय. बाकीची तीन मोकळी, भुईवर टेकायला. आन् ह्या एका बोटापासून मागं पायापतूर कातडं. झाला पंख. वटवागळाचं तसं नाय, त्याची चार बोटं पंखात असतेत. नकाशावाल्यानं वटवागूळ काढलंय आन् नाव ह्याचं दिलंय."

मला वाटलं, आता सापडली. "एकाच काडीवर एवढं कातडं? वाऱ्यात फडफड फडफड करून फाटलं नसतं? तूच तर आत्ता सांगितलंस."

ती हसली नाही, पण सुदर्शन हसला. तिनं पंखाची कड उलटी करून दाखवली. कॅनव्हासच्या आत बोट-बोट अंतरावर बारीक दोऱ्या शिवलेल्या. "करुणानं वाचून सांगितलं, दगडात त्या कातड्याचा ठसा हाय, त्यात आतून असले बारीक ताठ धागे दिसतेत. म्या म्हणलं, मग त्ये शिवलेलंच हाय की!"

मग तिनं सुदर्शनला बोल्ट सैल करायला लावला. लांबच्या लांब बोट मागं वळलं आणि अंगालगत चपट बसलं. प्राणी चार पायांवर चालायला मोकळा. ती स्वतः दोन्ही तळवे भुईला टेकून ओणवी झाली. भर दुपारी, बागेत, लोक बघत असताना. "पाय बारीक, हात दणकट. हातानंच रेटा देऊन उडी मारायचं, असं म्हणतेत. दोन पायावर हुबं केलं तर उडनार कसं?"

म्हणजे हे जनावर फक्त आभाळात घिरट्या घालत नव्हतं. कुणी पाण्यावरून मासे उचलायचं, तर कुणी बगळ्यासारखं रानात चालत सरडे-बिरडे टिपायचं. अंगावर बारीक लव होती. हाडं पोकळ, पातळ. अंडी कोंबडीच्या अंड्यांसारखी टणक नव्हती, मऊ चामडी होती. नकाशात झाडावर घरटं आणि त्यात पांढरी अंडी काढलेली. चंपाबाईनं कॅनव्हासचं सुरकुतलेलं अंडं करून वाळूत अर्धं पुरून ठेवलंय. आणि सरकारी बोर्डावर लिहिलंय 'उडणारा डायनासोर'. तेही खोटं. डायनासोरांचा हा भाऊबंद, पण घर वेगळं.

हे सगळं मी ऐकत होतो आणि आतून कुढत होतो. फोनवर काय, उद्या कुणी गाढवाला पंख लावून दाखवील. म्हणून मी शेवटचा खडा टाकला. "आणि रंग? हा मातकट रंग कुठल्या दगडात दिसला?"

"रंग ठाऊक नाय," ती म्हणाली. "कुनालाच नीट ठाऊक नाय म्हनं. नकाशात लाल-पिवळा व्हता. म्या म्हणलं, ठाऊक नाय तर मातीचा द्या."

वीस वर्षं मी ठेकेदार, अभियंते, पुढारी ऐकत आलोय. 'ठाऊक नाही' हे दोन शब्द एकाच्याही तोंडून कधी निघाले नाहीत. माझा संशय गेला नाही, पण तो पहिल्यांदा जागचा हलला.

तरी मी तिच्या शब्दावर थांबलो नाही. एका कॉलेजात भूशास्त्र शिकवणारे सर आहेत, त्यांच्याकडं गेलो. मुद्दाम उलटं विचारलं. नकाशा पुढं केला, शेजारी चंपाबाईच्या पंखाचा फोटो, आणि म्हणालो, "सर, हा नकाशातला बरोबर आहे ना? त्या बाईनं चुकवलंय ना?"

सरांनी नकाशा बाजूला सारला. "हे वटवाघूळ आहे." फोटोकडं मात्र ते बघतच राहिले. "हे कुणी केलं?"

"ताडपत्री शिवणाऱ्या बाईनं."

"त्यांना विचारा, माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन आलो तर चालेल का?"

त्यांनी असंही सांगितलं की आपल्या शहराखाली जो काळा दगड आहे तो लाव्हा, आणि तो वाहिला त्याच सुमारास, साडेसहा कोटी वर्षांमागं, ही जनावरं संपली. मी विचारलं, वर्षं कुणी मोजली? सरांनी अर्धा तास समजावलं. निम्मं कळलं. उरलेल्या निम्म्यासाठी परत जाणार आहे.

तिथून थेट, जिथं अर्ज दिला होता त्या ऑफिसात. तक्रार मागं घेतो म्हणालो. बाबू खुर्चीत रेलला. "तक्रार घ्या की मागं. नकाशा कसा मागं घेणार? तो मंजूर आहे. तुम्हीच तर दाखवून दिलंत, काम नकाशाप्रमाणं नाही म्हणून." त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात जे काही होतं ते मी ओळखतो. ठेकेदाराच्या माणसांना म्हणे पहिल्यापासून त्या बाईचं 'असं नाय, तसं' नको होतं. माझ्या अर्जानं त्यांचं काम फुकटात झालं. नकाशात ते वटवाघूळ कुठून आलं याचा वेगळा अर्ज टाकलाय. त्याचं उत्तर मात्र आठ दिवसांत आलेलं नाही.

परत बागेत गेलो. चंपाबाई कामावर नाही, तरी रोज सकाळी येऊन पंखाखाली बसते. मला माफी मागायची सवय नाही. मी म्हणालो, "जयभीम बाई. अर्जात चूक झाली."

"अर्जात?" ती म्हणाली. "अर्ज काय आपोआप लिवतो का सोताला?"

मी खिशातून अर्जाची पोच काढली आणि स्वतःच्या सहीवर बोट ठेवलं. 

"मी लिहिला. माझी चूक," मी म्हणालो.

"हां. आता बसा."

मी गवतात बसलो. तुमचं नाव बोर्डावर घालायला लावतो, असं म्हणालो तर तिनं हात झटकला. "नाव नको का बोर्ड नको. म्या तिसरीपतूर शाळेत गेले. जे दावलं त्ये खरं धरलं. ही लेकरं बी धरतेल. आन् शिमिटात बसवलेलं लई वर्सं खरं ऱ्हातं, भाऊ. एवढंच बगा."

येत्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता अभियंता साहेब पाहणीला येणार आहेत. त्यांच्यासमोर ते सहा पाइप पंखात जोडायचे, वरून लेप, आणि प्राणी दोन पायांवर उभा करून पाय सिमेंटात, असं ठरलंय. वेल्डिंगला सुदर्शननं नकार दिलाय, पण दुसरा वेल्डर काय, कुठंही मिळतो. कॉलेजचे सर येतो म्हणालेत. मी येणारच आहे. पण माझ्या एकट्याचं कोण ऐकतंय? माझाच अर्ज ते माझ्या तोंडावर मारतील.

म्हणून तुम्ही या. गुरुवारी, अकराच्या आधी, हर्सूलच्या बागेत, पोरांना घेऊन या. घोषणा देऊ नका, कुणाच्या अंगावर जाऊ नका, ते माझ्याकडं सोडा. पंखाखाली चंपाबाई बसलेली असेल, आणि गवतात सहा पाइप असतील, खडूनं 'बाग' लिहिलेले. मोजू नका, मी मोजलेत. सरळ त्यांच्यावर बसा, आणि साहेब गेल्याशिवाय उठू नका.