शेवटची सोळा पाने

वाचनालयाच्या मागच्या खोलीत एकतीस वर्षे फाटकी पुस्तके शिवणाऱ्या बाईंना सर्वजण बांधणीमावशी म्हणत. एक लांब टेबल, पुस्तके दाबून ठेवण्याचा लोखंडी शिकंजा, खळीचे पातेले, दोऱ्याची रिळे आणि एक खिडकी, एवढाच त्या खोलीचा संसार होता. त्यांच्या हातून हजारो पुस्तके गेली आणि त्यांतले एकही त्यांना वाचता येत नव्हते. आकडे तेवढे येत. पानांवरचे आकडे पाहून त्या फर्मे लावीत. फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी. अशा घड्या एकीला एक शिवीत गेले की पुस्तक उभे राहते. अक्षरे मात्र त्यांच्या लेखी मुंग्यांची रांग होती. साठी उलटल्यावर त्यांनी प्रौढवर्गात नाव घातले. दोन वर्षांत त्या वाचू लागल्या. बोट ठेवून, ओठ हलवून, पण स्वतःच्या बळावर वाचू लागल्या.

स्वभाव मात्र पहिल्यापासून संशयी होता. भाजीवाल्याने एक लिंबू जास्त टाकले तर त्या ते परत करीत आणि वर पिशवी उलटी करून पाहत. शेजारीण नेहमीपेक्षा गोड बोलली की मावशींच्या मनात पाल चुकचुकलीच म्हणून समजावे. "फुकट मिळालेलं आधी उजेडात धरून बघावं," असे त्या लेकीला शिकवीत. जगात त्यांना एकाच गोष्टीविषयी संशय नव्हता, आणि ती म्हणजे त्यांचे स्वतःचे हात. "मी बांधलेल्या पुस्तकाचं पान कधी इकडचं तिकडे झालं नाही," हे वाक्य त्या अभिमानाने उच्चारीत. नवरा लवकर गेला. घर भाड्याचे होते. शिक्षण नव्हते. या एका वाक्यावर त्यांनी आपली मान ताठ ठेवली होती.

लेक वायरमनचे काम शिकली होती. तिला एका मालवाहू जहाजावर नोकरी लागली. पहिलीच सफर पाच महिन्यांची होती आणि शनिवारी निघायचे होते. जहाजावर फोन लागेल न लागेल, म्हणून तिने ग्रंथपालांना विचारले, "अद्भुत आणि विज्ञानाच्या कथांची तुम्हाला आवडलेली पुस्तकं द्याल का? रिकामा वेळ फार असतो म्हणतात."

सोमवारी ग्रंथपालांनी आठ पुस्तके आणि हाताने लिहिलेली एक यादी मागच्या खोलीत आणून ठेवली.

"आठ?" मावशी म्हणाल्या. "नियम तर दोनचा आहे."

"नियम शहरातल्यांना, मावशी. समुद्रावरचा माणूस बदलायला कुठून येणार?"

"आणि हरवली तर?"

"तर मी बघेन."

ग्रंथपाल पंचवीस वर्षांत कधी "मी बघेन" म्हणाले नव्हते. मावशींनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. ग्रंथपाल खिडकीकडे पाहत होते. पाणी कुठेतरी मुरते आहे, हे मावशींना तेव्हाच कळले.

त्यांनी यादी वाचायला घेतली. ग्रंथपालांनी प्रत्येक पुस्तकापुढे शिफारस लिहिली होती. एक पुस्तक पहिल्या आठवड्यात वाचावे, कारण तेव्हा घराची आठवण येते आणि त्या गोष्टीत आठवणींचा बाजार भरतो. दुसरे वादळात मुळीच उघडू नये. तिसऱ्यात मुंग्यांनी चालवलेले न्यायालय होते, ते कोणाशी भांडण झाल्यावर वाचावे. सातवे एका अंतराळयानाचे होते, पिढ्यान्पिढ्या चालणाऱ्या प्रवासाचे. त्याच्यापुढे लिहिले होते, "शेवट जरा कोड्यात टाकतो, तरी वाचावे." आणि सर्वांत वर, सावल्यांवर जकात घेणाऱ्या डोंगरी राज्याच्या पुस्तकापुढे लिहिले होते, "माझे सर्वांत आवडते. असा शेवट दुसऱ्या कोणत्याही पुस्तकात नाही."

एवढे चांगले पुस्तक कोणी पाच महिन्यांसाठी हातचे जाऊ देतो का? मावशींनी ठरवले की स्वतः तपासल्यावाचून एकही पुस्तक लेकीच्या बॅगेत जाणार नाही.

पण बोट ठेवून वाचणाऱ्या बाईने पाच दिवसांत आठ पुस्तके कशी संपवावीत? शितावरून भाताची परीक्षा, असे मनाशी म्हणून त्यांनी प्रत्येकाचा फक्त शेवटचा फर्मा वाचायचे ठरवले. शिवाय त्यांना खरे एवढेच जाणून घ्यायचे होते की दूर गेलेले माणूस शेवटी घरी येते की नाही. ज्यात येत नाही ते पुस्तक इथेच राहील.

मंगळवारी दुपारी जेवण उरकून त्यांनी सावल्यांचे पुस्तक घेतले. शेवट कळावा म्हणून आधीची दोन पाने वाचली. थोरली बहीण धाकटीची जप्त झालेली सावली सोडवण्यासाठी डोंगर चढून जकातीच्या फाटकापाशी पोहोचली होती. पहारेकऱ्याने अडसर काढला. एकशे ब्याण्णवावे पान संपले. एकशे त्र्याण्णवाव्या पानावर यानाचे दुसरे इंजिन बंद पडले, काचेबाहेर काळोख पसरला आणि कोणा कप्तानाने पृथ्वीकडे बिनतारी संदेश पाठवला.

मावशींनी पान पुन्हा वाचले. अडसर काढल्याबरोबर इंजिन कुठून आले? आपलेच वाचन चुकते आहे असे वाटून त्यांनी चष्मा पुसला. मग पुस्तक उघडे धरून त्यांनी शिवणीकडे पाहिले. शिवण त्यांचीच होती. दर तिसऱ्या टाक्याला दुहेरी गाठ मारणारे दुसरे कोणी त्या वाचनालयात नव्हते.

त्यांनी सातवे पुस्तक ओढले. तिथे यान एका थंड ताऱ्याजवळ पोहोचत होते आणि एकशे त्र्याण्णवाव्या पानावर पहारेकरी सावली मोजायला बसला होता.

अठरा वर्षांपूर्वी गच्चीवरची टाकी फुटून एक कपाट भिजले होते. तीसएक पुस्तकांचे फर्मे मावशींनी सुटे करून दोरीवर वाळत घातले होते. ही दोन्ही पुस्तके एकाच छापखान्याची, एकाच कागदाची आणि दोनशे आठ पानांची. शेवटच्या फर्म्याचे आकडे दोन्हींत तेच. अक्षर न कळणाऱ्या माणसाला त्यांत फरक दिसणे शक्यच नव्हते.

मग त्यांच्या मनात दुसरा विचार आला आणि तो पहिल्यापेक्षा वाईट होता. आठ पुस्तकांत ही दोन्ही बरोबर कशी आली? आणि शेवटाचीच तेवढी स्तुती का? म्हणजे ग्रंथपालांना ठाऊक होते. आता जहाजावर लेक वाचणार, चारचौघांत हसे होणार, आणि आईच्या ताठ मानेची गोष्ट बंदराबंदरांतून फिरणार!

बुधवारी त्यांनी लेकीला आडून विचारले. "ते सावल्यांचं पुस्तक गं. तू वाचलंयस का कधी?"

"कॉलेजात असताना. का?"

"शेवट कसा वाटला?"

लेक बॅगेत मोजे भरत होती. ती थांबली. "आई, तुला कळलं तर."

"तुला कधी कळलं?"

"तेव्हाच. ज्याला वाचता येतं त्याला कळतंच ना."

"आणि तू तोंडातून शब्द काढला नाहीस?"

"काय सांगणार होते? तुला वाचता येत नव्हतं. रात्रंदिवस राबत होतीस. वर हे सांगून तुझ्या जिवाला घोर लावायचा?"

"म्हणजे मी सगळ्यांना ऐकवत होते, पान इकडचं तिकडे होत नाही म्हणून. आणि तू समोर बसून ऐकत होतीस."

"ऐकत होते," लेक म्हणाली. "बाकी खरंच होतं की."

"बाकी म्हणजे किती?" मावशींनी विचारले. लेक पुन्हा मोजे भरू लागली. लोक आपल्याला फसवतात हे मावशींनी आयुष्यभर गृहीत धरले होते. लोक आपल्याला सांभाळून घेतात, हे कधी त्यांच्या ध्यानात आले नव्हते, आणि ते त्यांना फसवणुकीहून अधिक झोंबले.

गुरुवारी सकाळी त्या थेट ग्रंथपालांच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. दोन्ही पुस्तके त्यांनी समोर ठेवली.

"साहेब, सरळ सांगा. ही दोन्ही मुद्दाम दिलीत का?"

ग्रंथपालांनी पेन खाली ठेवले. "मुद्दाम दिली."

"माझं हसं करायला?"

"नाही हो, मावशी! तुम्हाला कळावं म्हणून. इतकी वर्षं सांगायचं होतं, तोंड होत नव्हतं. आता तुम्ही वाचता. म्हटलं, लेकीची पुस्तकं तपासल्याशिवाय तुम्ही सोडायच्या नाहीत."

आपला संशय खरा निघाल्याचे मावशींना क्षणभर समाधान वाटले, नाही असे नाही. पण ते टिकले नाही.

"मग स्तुती कशाला लिहिलीत?"

"ती खरी आहे. मी पहिल्यांदा वाचलं ते असंच. फाटकापलीकडे एकदम आकाश! मला तोच शेवट आवडतो. निम्मे वाचक त्याच्यासाठी ते पुस्तक नेतात."

"साहेब, खरी स्तुती करणारा माणूस समोर बघतो. तुम्ही केव्हाचे पंख्याकडे बघताय."

"पंख्याकडे बघतो, कारण तुम्ही आता ते उसवणार हे मला दिसतंय," ग्रंथपाल काकुळतीने म्हणाले. "कळावं एवढंच मनात होतं. उसवू नका."

"लेक पाच महिने पाण्यावर असणार. शेवट कळला नाही तर कोणाला विचारणार? माशांना? आणि लिहिणाऱ्याने काय सोळा पानं माझ्या चुकीची वाट बघत लिहिली होती?"

मावशींनी खोलीतून सुरी, सुई, दोरा आणि खळ आणली. पण मागे न जाता त्या पुढच्या वाचनकक्षात, सर्वांच्या समोर, मोठ्या टेबलाशी बसल्या. चूक लपून झाली होती, दुरुस्ती लपून करायची नाही, असा त्यांचा निश्चय होता. वर्तमानपत्रे वाचणारी माणसे मान वर करून पाहू लागली. त्यांत एक निवृत्त मास्तर होते. वाचकमंडळात त्यांनी या शेवटावर दोन व्याख्याने दिली होती.

"काय चाललंय, मावशी?"

"मास्तर, या पुस्तकाचा शेवट दुसऱ्याचा आहे. अठरा वर्षांपूर्वी मी चुकीचा शिवला."

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. "अहो, फाटक म्हणजे मानवी ज्ञानाची मर्यादा आणि यान म्हणजे तिच्यापलीकडची झेप, असं मी..."

"फाटक म्हणजे फाटक, मास्तर. यान पलीकडच्या पुस्तकातलं आहे."

कक्षात हसू पसरले. मास्तर वर्तमानपत्रामागे गेले आणि बराच वेळ त्यांनी पान उलटले नाही.

मावशींनी पाठीचे कापड सोडवले, जुने टाके कापले, सोळा पाने इकडची तिकडे आणि तिकडची इकडे ठेवली. शिवण्यापूर्वी त्यांनी बोट ठेवून दोन्ही सांधे मोठ्याने वाचून घेतले. आकड्यांवर त्यांचा आता विश्वास नव्हता. पहारेकऱ्याने अडसर काढला, आणि पुढच्या पानावर तो सावली मोजायला बसला. जमले. मग त्यांनी एका चिठ्ठीवर वळणदार अक्षरात लिहिले: "या पुस्तकाची शेवटची सोळा पाने अठरा वर्षे दुसऱ्या पुस्तकात होती. चूक बांधणारीची आहे. आता दुरुस्त केली आहे." ती चिठ्ठी त्यांनी दोन्ही पुस्तकांच्या आतल्या पुठ्ठ्यावर चिकटवली. पुस्तके शिकंज्यात दाबून ठेवली आणि शुक्रवारी संध्याकाळी बाहेर काढली.

ग्रंथपालांनी सावल्यांचा खरा शेवट उभ्याउभ्या वाचला. थोरली आपली सावली जकातीत देते आणि धाकटीला घेऊन चालत घरी येते.

"एवढंच?" ते म्हणाले. "मावशी, हा नक्की खरा ना?"

"का, तुम्हाला संशय येतोय?"

"जरा येतोय."

"येऊ द्या. सवय होईल."

शनिवारी लेक निघाली. गोष्टीतले माणूस घरी येते की नाही, हा हिशेब मावशींनी सोडून दिला होता; आठही पुस्तके लेकीने बॅगेच्या तळाशी, कपड्यांच्या घडीत ठेवली. बंदराच्या दारापाशी मावशींनी तिला एवढेच सांगितले, "वाचताना काही जुळलं नाही, तर मला कळव. दया करू नकोस."

"नाही करणार," लेक म्हणाली आणि बॅग उचलून दारातून आत गेली.

तिथून घरी न जाता त्या वाचनालयात गेल्या. ग्रंथपाल कुलूप लावण्याच्या बेतात होते. मावशींनी त्यांच्या समोरची खुर्ची ओढली, पिशवीतून प्रौढवर्गाची वही काढली आणि कोरे पान उघडले.

"बसा, साहेब. माझ्या अजून किती चुका तुम्ही पोटात ठेवल्यात?"

ग्रंथपालांनी किल्ली खिशात ठेवली.

"तीन," ते म्हणाले.

मावशींनी पेन्सिलीला टोक केले.

"तीनच? नीट आठवा."