मोठ्या आईचं थंड घर

चंद्रपूर-गडचिरोलीच्या उन्हाला आजवर एकच माणूस पुरून उरलं, ते म्हणजे माझी मोठी आई. वडिलांच्या थोरल्या भावाची ही बायको मूल गावी कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या घरात राहायची आणि उन्हाळाभर त्या घराला तान्ह्या बाळासारखं जपायची. स्वयंपाक उन्हं वर यायच्या आत उरकायचा. त्यानंतर कुणी चूल पेटवली, तर तिच्या लेखी तो घरावर दरोडाच होता. अंगणात जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव, दारं-खिडक्यांना ओल्या पोत्यांचे पडदे, आणि या सगळ्यावर तिचा पहारा. एकदा भर दुपारी चामोर्शीहून मोटारसायकलवर तिचे जावई आले. दार वाजवलं, तर आतून आवाज, "जावईबापू, घडीभर मांडवात बसा. तुमच्यासंगं ऊनबी आत येऊन राह्यलं!" पडद्याआडून पाण्याचा तांब्या आणि ओला दुपट्टा तेवढा बाहेर आला. जावई रुसले. पण अंग निवल्यावर आत घेतलं, तेव्हा संध्याकाळपर्यंत असे गाढ झोपले की उठल्यावर रुसायचंच विसरले.

दुपारी घरात भांडायलाही बंदी होती. माझे वडील आणि तिचे यजमान, म्हणजे मोठेबाबा, शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून कडाडले की ती मध्ये पडायची, "भांडन संध्याकाळी करा. आत्ता काऊन घर तापवता?" संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडून खाटा पडत. "हं, करा आता सुरू," म्हणत ती दोघांपुढे चहा ठेवी, आणि दोघे निमूटपणे चहा पीत.

मोठेबाबा गेले. मग तिचे गुडघे गेले. पोती भिजवायला वाकवेना. मुलगा पुण्याहून न्यायला आला. ती म्हणाली, "एवढा उन्हाळा जाऊ दे." तो म्हणाला, "उन्हाळ्यासाठीच तर नेऊन राह्यलो, आई." घराला कुलूप लागलं.

परवा तिचा फोन आला. "तिकडं ऊन कसं हाय, बाबू?"

"जाळून राह्यलं, मोठी आई."

"हो ना?" माहेरची खुशाली कळावी तशी ती सुखावली. "इथी पोरानं खोलीत एसी लावला. जीव लावते बिचारा, काई कमी नाई." मग हळूच म्हणाली, "पन इथी दुपारच होत नाई रे."

फोन तिनं ठेवला नाही. मीही ठेवला नाही.