हात लावणाऱ्या बाई

इंदापूर तालुक्यातल्या आमच्या विशेष शाळेला देणगीत टचस्क्रीनचा मोठा फळा मिळाला, तेव्हा संचालकांनी त्याला हार घातला, मखमली झूल शिवून घेतली आणि शेजारी पाटी लावली, 'हात लावू नये.' नव्यानं आलेल्या इंग्रजीच्या बाईंनी पहिल्याच दिवशी पाटी काढली. तेव्हापासून त्या टचबाई. नाव संस्थेनं रागानं पाडलं. आम्ही शिक्षकांनी कौतुकानं चालू ठेवलं.

स्वमग्न मुलांना बाई त्याच फळ्यावर इंग्रजी शिकवत. फळ्यात आधीपासून भरलेल्या चित्रांत स्ट्रॉबेरी होती, बर्फाचा माणूस होता. आमच्याकडे दोन्हींचं पीक अंमळ कमीच. बाईंनी पेरू, डाळिंब, उसाची ट्रॉली असे फोटो घातले आणि शब्द स्वतःच्या आवाजात भरले. चित्र दाबलं की शब्द ऐकू येई. "फळा एकच शब्द कितीदाही सांगतो आणि चिडत नाही," त्या म्हणायच्या. "आपल्याला जमेल?"

शेळगावची गौरी अजिबात बोलत नसे. एकदा तिचे वडील तावातावानं आले.

"बाई, पोरगी मराठीत आई म्हणत न्हाय, अन् तुमी तिला इंग्लिश शिकवताय व्हय?"

"चित्रावर बोट ठेवून सांगणं तिला जमतंय, दादा. आई म्हणेल तेव्हा म्हणेल. तोवर तिला काय हवंय, ते आपल्याला तरी कळू दे."

"दिवाळीपर्यंत बघतो. मग घरी नेतो."

दिवाळीआधी वार्षिक कार्यक्रम आला. आवाजाचा त्रास होणाऱ्या मुलांसाठी ढोलताशा ठेवायची कल्पना अर्थातच संचालकांची. मग प्रमुख पाहुणे 'मुक्या भावनांना वाचा' या विषयावर माइकवरून गरजू लागले. कान दाबून बसलेली गौरी उठली, पाहुण्यांना दाखवायला सभागृहात आणून ठेवलेल्या फळ्यापाशी गेली आणि तिनं दोन चित्रं दाबली. बाईंचा आवाज सभागृहभर घुमला, "टू लाउड. स्टॉप."

पाहुणे थांबले, त्यांच्या कारकिर्दीत बहुधा प्रथमच.

"काय म्हणाली ती?" वडिलांनी विचारलं.

"आवाज फार होतोय, थांबवा म्हणतेय," बाई म्हणाल्या.

"माझी पोरगी म्हणतीय?" ते पुढं गेले आणि त्यांनी माइकची वायरच उपटली.

संस्थेनं पाहुण्यांच्या अपमानाची गंभीर दखल घेतली, म्हणजे बाईंना शाल-श्रीफळ देऊन घरी बसवलं. आता त्या बारामतीच्या एका शाळेत शिकवतात. वडील गौरीला रोज मोटारसायकलवरून तिकडे नेतात. परवा रस्त्यात दिसले. समोर ट्रॅक्टर आडवा, मागं गाड्यांचा कल्ला, आणि हे गप्प उभे.

"हॉर्न द्या की," मी म्हटलं.

"न्हाय वाजवत आता," ते हळूच म्हणाले. "मागं गौरी बसलीय."