नांगर कोणी धरला?

आमच्या चौलच्या एका बागायतदाराने सोमी कातकरणीची जमीन लुबाडली. तिच्या सख्ख्या दिराला हाताशी धरून लुबाडली. ती वारली तेव्हा लोक म्हणाले, "सुटली बिचारी." तो शब्द मला अजून टोचतो.

महिना होत आला. तिची लेक लाकडाची मोळी घेऊन माझ्या दुकानाच्या पायरीशी आली आणि म्हणाली, "आय गेली, शेठ." त्या दिवशी मी भाव केला नाही...

सोमीशी भाव करण्यात मजा होती. मी डोक्यावर सुकी मासळी वाहून वर आलेला माणूस, सहसा हरत नाही. ती वालाच्या शेंगांची पाटी उतरवायची, मी नाक मुरडायचो. "किडक्या दिसतात."

"किडीला पन चव कळते, शेठ. तुमाला न्हाय कळत."

मी भडकायचो, ती तंबाखू मळत हसायची. भाव शेवटी तिचाच ठरायचा.

भातामागून ते वाल पिकत तो तुकडा बागायतदाराचा, सोमी त्याचं कूळ. नवरा मेल्यावर भाताच्या रोपांसाठी राब भाजण्यापासून झोडणीपर्यंत सगळं तिनेच केलं. फक्त बाईने नांगराला हात लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत. म्हणून नांगरणीपुरता दीर यायचा, जेवून जायचा.

कूळकायदा आला. कसणाऱ्याची जमीन होणार होती. कोण कसतं याच्या चौकशीच्या दिवशी सोमी ठेवणीतलं लुगडं नेसून कचेरीत आली, सोबत मी. बागायतदार आधीच मामलेदार साहेबाच्या कानाला लागला होता. साहेबाने एवढंच विचारलं, "नांगर कोण धरतो?"

"दीर धरतो, सायेब. बाईनं धरला तं पाऊस पडंल का?"

सगळे हसले, तीही हसली. मी ओरडलो, "लावणी कोण करतं ते विचारा." मला बाहेर काढलं. नाव दिराचं लागलं. पुढच्या पेरणीआधी त्याने दारूच्या नशेत जमीन सोडल्याचा अंगठा दिला आणि तुकडा बागायतदाराच्या कुंपणात गेला.

त्यानंतर सोमी मोळ्या विकू लागली. दुकानात कोणाचे वाल आले की दाणा चावून बघायची. "ह्ये माझ्या तुकड्यातलं न्हाय," म्हणायची आणि उठायची...

बागायतदार आता देवळाचा पंच आहे, साहेब मोठ्या हुद्द्यावर. दोघेही पेपर वाचतात, म्हणून हे पेपरात लिहितो. कायद्यात शब्द 'कसणारा' असा आहे. मग चिखलात वाकून जिने उभी हयात घालवली ती बाई कोण होती, हे दोघांनी सांगावं. मला नको, तिच्या लेकीसमोर उभं राहून सांगावं.