बाराव्या कलमाची खाट

दिनांक ११ फेब्रुवारी १९७९, दुपारी दोन. माता सतरा, मुले अठरा.

कोल्हापुरातल्या एका सरकारी इस्पितळाच्या बाळंतीण वॉर्डात रशिदाने नोंदवहीत एवढीच ओळ लिहिली आणि वही शिवम्माच्या हाती दिली. शिवम्माने लगेच सही केली नाही. त्या वॉर्डाची रीत तशी होती. पाळी बदलताना येणाऱ्या नर्सने एकेका खाटेपाशी जायचे, आईच्या कपाळाला आणि मुलाच्या तळव्याला हात लावायचा, मोजत पुढे सरकायचे आणि आकडा जुळला तरच वहीत नाव घालायचे. लिहिलेला आकडा देणारीचा असतो. सही झाली की त्यातला प्रत्येक जीव घेणारीच्या पदरात येतो. कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात न सापडणारी, पण कराराचे सारे नीतिशास्त्र पोटात बाळगणारी ही रीत रशिदा सहा वर्षे पाळत आली होती.

त्या दुपारी मात्र शिवम्माचे पाय जमिनीला लागत नव्हते. ती मोजत नव्हती, पळत होती.

"एकोणीस," ती म्हणाली. "एक पोरगं जास्त हाय की गं."

"जुळ्यातलं एकच दोनदा मोजलंस. परत मोज."

"मोजती की. तू जा आधी. तो मुंबईचा मानूस तीनला येनार, आन् तुझे अब्बा बारा वाजल्यापास्नं क्वार्टरच्या व्हरांड्यात बसल्यात. बाळाबाईनं दोनदा चहा पाजला त्यांना. माझं नाव घाल बरं यादीत. न्हाईतर तू जाशील इमानात आन् मी बसंन हितं लंगोट मोजत."

बाळाबाई ही वॉर्डातली सर्वांत जुनी आया. तिचा चहा बाहेरच्या माणसाला दोनदा मिळाला, यावरूनच त्या दिवसाचे वजन कळावे.

आखाती देशांतल्या इस्पितळांना त्या काळात नर्सेस हव्या होत्या आणि त्या पुरवणारे एजंट गावोगाव फिरत होते. रशिदा अठ्ठावीस वर्षांची होती. दक्षिणेला बेळगाव आणि उत्तरेला पुणे, एवढ्यात तिचे जग संपत होते. समुद्र तिने पाहिलेला नव्हता, आणि आता पाहायचाच तर थेट वरून पाहायचा, असे तिने ठरवले होते. हे ठरल्यापासून ती सुई टोचतानासुद्धा गुणगुणत असे. पगार चौपट मिळणार होता हे खरे. पण तिला जो आनंद झाला होता त्याचा हिशेब केवळ पगारात होण्यासारखा नव्हता.

आड येत होती ती एकच गोष्ट, आणि ती गोष्ट व्हरांड्याच्या पायरीवर येऊन बसली होती. चाँदबी ही रशिदाची आतेबहीण, कागलची, तीही नर्स. दोन वर्षांपूर्वी तिने एका एजंटाच्या कागदावर सही केली. कागद अरबीत आणि इंग्रजीत होता. तिला मराठी आणि दखनी येत होती. तिथे उतरल्यावर तिचा पासपोर्ट काढून घेण्यात आला आणि तिला इस्पितळात नव्हे, एका घरात फरशी पुसायला ठेवले. अकरा महिने तिने काढले. त्यातल्या शेवटच्या सात महिन्यांचा पगार मिळालाच नाही. परतीच्या तिकिटासाठी तिथल्या मजुरांनी वर्गणी काढली. म्हणून रशिदाच्या वडिलांनी, लालासाबांनी, निक्षून सांगितले होते: कागद पटला तर जा, न पटला तर इथेच राहा. त्यांना नाराज करून जाणे रशिदाला जमणारे नव्हते, आणि न जाणे तर त्याहूनही अवघड होते.

आठवड्यापूर्वी बापलेक हंबीररावांकडे जाऊन आले होते. शाहूपुरीत त्यांचे ट्रकच्या बुकिंगचे ऑफिस होते. त्याच टेबलावर त्यांनी परदेशी नोकऱ्यांची दुसरी पाटी उभी केली होती. रशिदाने करार पाहायला मागितला.

"कागद?" हंबीररावांनी छातीवर हात ठेवला. "ताई, माझा शब्द हाच कागद. लॉरीवाल्यांना इचारा कुनालाबी."

"लॉरी फिरून परत येती," लालासाब म्हणाले. "तुमी धाडलेल्यातली एखादी पोरगी परत आल्याली दावा. तिला इचारतो."

"तीच तर गंमत हाय पावणं. आजवर एक बी परत आली न्हाय. इतकं सुख हाय तिथं."

रशिदा उठली. लालासाबांनी उरलेला चहा बशीत ओतला, सावकाश संपवला आणि मगच उठले. चहाशी त्यांचे काही भांडण नव्हते.

लालासाबांनी चाळीस वर्षे वडगावच्या जनावरांच्या बाजारात दलाली केली होती. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांचे हात एका रुमालाखाली जातात, बोटे धरून आकडा सांगितला जातो, आणि समोरच्याने उलट हात दाबला की सौदा पक्का. तो कोणी मोडत नाही. याच बाजारात जनावर जांगड नेण्याचीही चाल आहे. घरी न्यायचे, औताला जुंपून पाहायचे, आणि ठरल्या मुदतीत जमले नाही तर परत आणून बांधायचे. विकणाऱ्याने तोंड वाकडे करायचे नाही.

"पोरी, तू जांगडीवरच जायचं," घरी येताना लालासाबांनी निकाल दिला. "तीन महिने."

"अब्बा, मी बैल न्हाय."

"तुला कोन बैल म्हनतंय? बैल ती नोकरी. तू जुपून बघनार. जमली न्हाय तर त्यांच्या दारात बांधून, त्यांच्या खर्चानं परत येनार."

अर्थशास्त्राच्या पदव्या घेतलेल्यांनाही जे सहसा सुचत नाही, ते या माणसाने रंकाळ्याच्या काठाने चालता चालता सांगितले: पारख फक्त कामगाराचीच का व्हावी, कामाची का नव्हे? रशिदा इतकी हसली की शेजारून जाणारा सायकलवाला वळून पाहू लागला. मग तिने ते वाक्य मनात नीट घडी घालून ठेवले.

तीनच्या ठोक्याला मुंबईच्या कंपनीचा माणूस आला. नाव फक्रुद्दीन, सडपातळ, सफारी घातलेला, घामाने निथळणारा आणि अतिशय विनयी. सोबत दोन प्रती होत्या, एक इंग्रजी आणि एक मराठी. मराठी प्रत पाहूनच जमलेल्या नर्सेसचे चेहरे उजळले. शिवम्मा धरून जाणाऱ्या पाच जणी होत्या. शिवम्मा पाळीवर असल्यामुळे समोरच्या वॉर्डाच्या खिडकीतून दर पाच मिनिटांनी तिचे डोके बाहेर येत होते.

"माझं काय झालं?" ती विचारी.

"अजून वाचतोय," व्हरांडा उत्तर देई.

रशिदाने प्रत्येक कलमावर बोट ठेवून मोजायला सुरुवात केली, खाटेमागून खाट मोजावी तशी. काम नर्सचे, इस्पितळातच. पहिल्याच कलमात ते होते. पासपोर्ट स्वतःपाशी, सातव्यात होते. चाँदबीने पायरीवरून मान हलवली. रशिदाचे बोट अकरावर आले आणि पुढच्या ओळीवर थांबले.

"अकरानंतर तेरा हाय. बारावं कुठं गेलं?"

फक्रुद्दीनने दोन्ही प्रती ताडून पाहिल्या. दोन्हींत अकराच्या खाली तेराच होते. तो ओशाळला. "टायपिस्टची चूक. गळालेलं काही नाही, नुसता आकडा चुकलाय. चार गावं झाली, कुणाच्या लक्षात आलं नाही."

"कुनी मोजलं नसंल," रशिदा म्हणाली.

मग लालासाबांनी जांगडीचे काढले. तीन महिन्यांत मुलीला तिथे राहणे जमले नाही, तर परतीचे तिकीट कंपनीने द्यावे. फक्रुद्दीनने हात जोडले. "चाचा, ते माझ्या हातात नाही. मालकांना विचारावं लागेल. आणि मला संध्याकाळची गाडी आहे. उद्या मिरज. तिथं नर्सेसची वाण नाही."

"बरं," लालासाब म्हणाले, आणि त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून आपल्या हातावर पसरला. "हात द्या पावणं."

फक्रुद्दीनला वाटले, म्हाताऱ्याला उठायला आधार हवा आहे. त्याने हात दिला. रुमालाखाली लालासाबांनी त्याची तीन बोटे धरली. सभ्य माणूस, त्याने आदराने हात दाबला.

"झाला सौदा," लालासाब म्हणाले. "तीन महिने जांगड. परतीचं तिकीट कंपनीचं."

त्यानंतर व्हरांड्यात जे झाले त्याला शिस्तप्रिय खात्याच्या नियमांत जागा नाही. बाळाबाईने साखरेचा डबा उपडा केला आणि फक्रुद्दीनच्या तोंडात चिमूटभर कोंबली. दोघी नर्सेस एकमेकींचे हात धरून फुगडी घालू लागल्या. खिडकीतून शिवम्माने जुळ्यांपैकी एकाला उचलून दाखवले. साखर चघळत फक्रुद्दीन हे सारे पाहत होता. आपण नेमके काय केले, हे त्याला कोणीच सांगत नव्हते.

ते त्याला रशिदाने सांगितले. सांगून झाल्यावर ती वडिलांकडे वळली.

"अब्बा, सौदा मोडा."

"रुमालाखालचा सौदा मोडत न्हाईत."

"त्यांना ती बोली येत न्हाय. चाँदबीनं पन असंच, न कळता, कबूल केलतं."

फुगडी थांबली. चाँदबी पायरीवरून वळून पाहत होती. लालासाबांनी तिच्याकडे पाहिले, मग आपल्या हातावरच्या रुमालाकडे. चाळीस वर्षांत त्यांनी एकही सौदा मोडला नव्हता. त्यांनी रुमाल झटकला, घडी घातली आणि खांद्यावर टाकला.

"मोडला," ते म्हणाले. "पन साखर गेली ती गेली."

रशिदाने कागद पुन्हा पुढे ओढला. हातात आलेला विजय तिने परत दिला होता आणि गंमत अशी की तिचा आनंद तसूभर उतरला नव्हता. उलट तिला आता भीती वाटेनाशी झाली होती. "आता कळंल अशा बोलीत बोलते," ती म्हणाली. "आमच्या वॉर्डात रिकामी खाट ठेवत न्हाईत. बारावी खाट तुमची रिकामी हाय. तिथं हे कलम घाला."

"आणि मालक नाही म्हणाले तर?"

"तर मी हितंच. आन् मी न्हाय तर पाचीजणी न्हाईत."

व्हरांड्यातल्या तिघींनी माना डोलावल्या. खिडकीतून, काहीही ऐकू न येता, शिवम्मानेही डोलावली.

फक्रुद्दीनने घाम पुसला. "एक कलम घालायचं तर एक तरी काढू द्या. रिकाम्या हातानं मालकांशी काय बोलू? दोघींना एक खोली लिहिलीय. तीन जणी राहाल?"

रशिदाने खिडकीकडे पाहून ओरडून विचारले, "शिवम्मा, एका खोलीत तिघी चालंल काय?"

"चालंल की. पर मी घोरती, हे लिहून घ्या. मागनं तक्रार नको."

फक्रुद्दीन पहिल्यांदाच हसला. "फसून दिलेला शब्द तुम्ही मला परत दिलात," तो म्हणाला. "आता मालकांशी भांडायला मलाही तोंड आहे." आणि तो लालासाबांना घेऊन रिक्षाने तारघरात गेला.

मुंबईचा ट्रंक कॉल लागायला पावणेदोन तास गेले. ते तास व्हरांडा जमिनीवर नव्हताच. विमानात नऊवारी नेसलेल्या बाईला पट्टा कुठे बांधतात, उंटिणीच्या दुधाचा चहा नासतो काय, खिडकीतून तोंड बाहेर काढू देतात काय, असे प्रश्न निघाले आणि प्रत्येकाला बाळाबाईने, कधीही विमान न पाहता, ठाम उत्तर दिले. शिवम्माने खिडकीतून जाहीर केले की ती अरबी शिकून येणार आणि सासूला त्याच बोलीत उत्तरे देणार, कारण मराठी आणि कन्नड दोन्ही सासूला कळतात. रशिदा खांबाला टेकून हसत होती. मधूनच तिचे बोट हवेत अकरा, बारा, तेरा मोजत होते.

रिक्षा आली. आधी लालासाब उतरले. त्यांचा चेहरा बाजारातल्या दलालाचा होता. त्यावरून काहीच कळेना. मागून फक्रुद्दीन उतरला आणि त्याने खिशातले पेन काढले.

बारावे कलम दोन्ही प्रतींत हाताने लिहिले गेले. चौघींनी सह्या केल्या. मग कागद वॉर्डात शिवम्माकडे गेला. हात धुऊन, पदर खोचून, तिने या वेळी अजिबात न पळता एक ते वीस कलमे बोटाने मोजली आणि मगच सही केली.

एप्रिलात पाची जणी गेल्या. रशिदाच्या पहिल्या पत्राची पहिली ओळ अशी होती: नर्सेस पाच, पासपोर्ट पाच, खोल्या दोन, समुद्र वरून पाहिला, सुरकुत्या पडलेल्या कागदासारखा दिसतो. दहाव्या आठवड्यात त्यांतल्या रत्नव्वाला तिथले ऊन सोसेना. तिने बारावे कलम पुढे केले आणि कंपनीच्या तिकिटावर परत आली. तिला उतरवून घ्यायला लालासाब स्वतः स्टेशनवर गेले आणि घरी सोडण्याआधी वाट वाकडी करून शाहूपुरीत हंबीररावांच्या टेबलासमोर तिला उभी करून आले. "ही बघा," ते म्हणाले. "परत आल्याली."

हंबीररावांनी चहा मागवला. परदेशी नोकऱ्यांची पाटी पुढल्या महिन्यात टेबलावरून गेली.

चाँदबी सध्या कागलच्या एका खासगी दवाखान्यात काम करते. तिच्या तिकडे थकलेल्या पगारासाठी रशिदाने लिहून दिलेले तीन अर्ज रवाना झाले. तिन्ही पोचल्याच्या पावत्या आल्या. सात महिन्यांचा पगार आलेला नाही.