खिळ्यावरची घंटी

भुशाचं पोतं कितीही झटकलं तरी तळाला मूठभर काहीतरी उरतंच. तसंच गोष्टींचं. रत्नागिरीहून मालगुंडकडे जाणाऱ्या रस्त्याला माझं पेंड-भुशाचं दुकान आहे. दुकानापुढे एक बाकडं. गिऱ्हाईक पोतं घेऊन जातं, बोललेलं तिथंच सांडून जातं. मी शाळा सातवीत सोडली. पुढचं शिक्षण पोत्यांवर छापलेलं वाचून आणि या बाकड्यावर ऐकून झालं.

बाकड्याचे मानकरी चार. निवृत्त झालेले कदम गुरुजी. बचत गटाच्या अध्यक्षा सुशीलाताई, शेळ्या-कोंबड्यांत मुरलेल्या. सावंत, म्हणजे गाईंना कृत्रिम रेतन करणारे; कोर्स केलेला, डॉक्टर नव्हेत, पण गाव त्यांना डॉक्टरच म्हणतं. आणि वरच्या वाडीतला गणूदादा. त्याच्याकडे एकच गाय, तांबू. आपली कोकण कपिला: ठेंगणी, तांबूस, सड्यावर, म्हणजे वरच्या कातळमाळावर, जिथं बकरी विचार करील तिथं चढणारी.

एक कबुली आधीच देतो. कपिला ही माझ्या धंद्याची वैरीण. ती सड्यावर चरते, घरी येते, पाणी पिते आणि झोपते. गणूदादाने माझ्याकडून आयुष्यात पेंडीचं एक पोतं घेतलेलं नाही. संकरित गाय गावात आली की मला बरं वाटतं. तेव्हा पुढे मी जे सांगतोय, ते माझ्या नफ्याच्या विरुद्ध आहे हे ध्यानात असू द्या.

*

सावंत नवीन होते तेव्हाची गोष्ट. गाय माजावर आली म्हणून एका म्हातारीने त्यांना निरोप धाडला. हे मोटरसायकलवर नायट्रोजनचा डबा बांधून हजर. म्हातारी दारात उभी. तिने मोटरसायकलच्या मागे पाहिलं, रस्त्यावर पाहिलं.

"डॉक्टर, बैल कुठाय?"

"या डब्यात आहे, आजी."

सावंतांनी झाकण उघडलं. आतून पांढरी वाफ उसळली. आजीने डोकावून पाहिलं, पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि म्हणाली, "इतक्या गारठ्यात ठेवलात? काय पाप केलान त्यानं?"

*

कदम गुरुजींनी पेन्शन सुरू झाल्यावर घाटावरून मोठी संकरित गाय आणली. दूध भरपूर. माझ्याकडे दर आठवड्याला पोती. मी खूश, गुरुजी खूश. मग वैशाख आला.

गाईला आपल्या इथला दमट उकाडा सोसेना. तोंड उघडं टाकून धापा टाकायला लागली, दूध निम्म्यावर आलं. गुरुजींनी गोठ्यात टेबलफॅन लावला. तो पुरेना म्हणून माजघरातला सीलिंग फॅन काढून गोठ्यात नेला. आठवड्याने गुरुजी बाकड्यावर आले ते डोळे लाल.

"झोप नाही हो. गाय पंख्याखाली आणि मी पडवीत."

"वहिनींना सांगा की."

"सांगितलं. ती म्हणते, दूध कोण देतं?"

हे गुरुजी गणूदादाला मात्र सोडत नसत. "गणू, तुझ्या तांबूचं सगळं दूध चहात घातलं तरी साखरेला जागा उरत असेल ना?"

गणूदादा शांत माणूस. म्हणाला, "गुरुजी, तुमची गाय दूध देते नि तुमाला खाते. माझी थोडं देते, पन काय खाऊ म्हनून मला कधी विचारलान नाय."

*

सुशीलाताईंनी एकदा सुधारित जातीची पिल्लं आणली. कोंबड्या झाल्या, अंडी सुरू झाली. गावठीच्या दुप्पट. बचत गटात ताईंचा भाव वधारला. पण वर्षभराने नवी पिल्लं हवी झाली, तर एकही कोंबडी खुडूक बसेना. अंडं घातलं की उठून चालू लागायची, मागे वळून बघायची नाही.

सावंतांनी सांगितलं, "ताई, अंडी जास्त घालावीत म्हणून तशाच निवडत आणल्यात. जी उबवत बसते ती तेवढे दिवस अंडी घालत नाही. म्हणून बसणारी बाजूला काढली पिढ्यान् पिढ्या. आता त्यांना ते येतच नाही."

ताईंनी शेजारणीची एक म्हातारी गावठी कोंबडी मागून आणली आणि ती सगळी अंडी तिच्याखाली घातली. सगळ्या पिल्लांना तिनेच वाढवलं. ताई म्हणाल्या, "बरोबर आहे. शिकलेली आई नोकरीला, पोरं आजीकडे."

*

शेळ्यांचा किस्सा याहून नाजूक. ताईंच्या कळपात वर्षानुवर्षं एकच बोकड. करडं मरतुकडी निघायला लागली. सावंतांनी विचारलं, "हा बोकड यांचा कोण?"

ताईंनी बोटांवर हिशेब केला आणि एकदम तोंडावर हात ठेवला. "अगं बाई. बापच की!"

भावकीत सोयरीक नको, हे शेळ्यांनाही लागू, एवढं सांगितल्यावर ताईंना पुढचं शिकवावं लागलं नाही. त्यांनी लगेच मालगुंडच्या एका बाईशी बोकडांची अदलाबदल केली. आपला दिला, त्यांचा आणला. टेंपोत घालून, गळ्यात झेंडूची माळ घालून. महिन्याभराने त्या बाई बाकड्यावर सहज बोलून गेल्या, "या बोकडाची आई तुमच्याच घरची हो. तुमच्या नणंदेने विकली होती आम्हाला."

ताईंनी पुन्हा बोटं मोजली. "म्हणजे हा आमच्या शेळ्यांचा आतेभाऊ लागला. मग चालतंय की! मामाची मुलगी तर हक्काची."

सावंत म्हणाले, "माणसांत चालत असेल ताई, शास्त्रात नाही चालत. रक्त जवळचं. पुढची पिढी कमजोर निघू शकते."

"असं? तुमच्या मिसेस कुठल्या, डॉक्टर?"

सावंतांनी हेल्मेट घातलं आणि मोटरसायकल चालू केली. नंतर कळलं, मामाच्याच.

*

आता गणूदादाचं सांगतो, कारण बाकीचं सगळं मी त्याच्यासाठीच सांगत आलो.

माझ्या तराजूशेजारी भिंतीत एक खिळा आहे. त्याला एक लहानशी पितळी घंटी लटकते. ती गणूदादाने वाजवून, निवडून बाजूला ठेवायला लावलेली. "तांबूला पाडी झाली की नेईन. कुनाला देव नका." त्यांच्या घरची रीतच तशी: पाडी, म्हणजे कालवड, झाली की बारशासारखं नाव ठेवायचं, गळ्यात घंटी बांधायची. पाड्याला, म्हणजे गोऱ्ह्याला, नाव नाही, घंटी नाही. तो कोणा नांगरवाल्याला देऊन टाकायचा.

तांबूची आई गणूदादाच्या आईने वाढवलेली. त्या रक्ताची एक तरी पाडी गोठ्यात राहावी, एवढीच त्याची इच्छा. आणि तांबूला दर खेपेला पाडाच. गाय म्हातारी होत चाललेली. घंटीवर पेंडीची धूळ बसायची, मी पुसायचो.

एकदा तांबू माजावर आली. सावंतांकडे त्या दिवशी मोठ्या जातीच्याच वळूची कांडी, म्हणजे गोठवलेल्या रेताची नळी, होती. गणूदादाने हात जोडले. "नको डॉक्टर. ही एवढीशी. वासरू मोठं झालं नि अडकलं, तर गायच जाईल." मग तिला दाव्याला धरून तो वळू शोधायला निघाला. एक वाडी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. सगळीकडे एकच उत्तर: पॉवर टिलर आल्यापासून पाडे ठेवतो कोण? संध्याकाळी तो बाकड्यावर येऊन टेकला. गाय रस्त्यात उभी, दोघांचे पाय धुळीने लाल.

"शेठ, पोरीचा बाप झालंय मी. दारोदार फिरतंय, नि मुलगा कुठं नाय."

सगळ्यांना पाडीच हवी होती, माझ्यासकट. दूध देणारं जनावर पोतं नेतं. पाडे घालवून घालवून गावात वळूच उरला नव्हता.

त्याच आठवड्यात सावंतांनी सांगितलं की आता अशाही कांड्या निघाल्यात, ज्यांनी बहुतेक पाडीच होते. गणूदादाचे डोळे चमकले. "कपिलेची हाय?"

"नाही दादा. मोठ्या दुधाळ जातींचीच मिळते."

सुशीलाताई शेंगा सोलत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "बाईला मुलगी नको नि गाईला मुलगा नको. देवाने घरात पाठवायचं तरी कोणाला?"

मी तराजूची साखळी उगाच सरळ करत बसलो.

*

सावंतांनी मग चार ठिकाणी फोन करून, दोन ठिकाणी खेटे घालून कपिलेच्या वळूची एक कांडी मिळवली. एकच. ती डब्यात तळाशी, वर चिठ्ठी: "तांबू". बाकड्यावर रोज चौकशी, गाय माजावर आली का. गुरुजीसुद्धा विचारायचे, वर्तमानपत्रामागून.

ती आली नेमकी सावंत संगमेश्वरला गेले त्या दिवशी. सकाळी हंबरायला लागली आणि गणूदादा धावत दुकानात आला. मी फोन लावला. सावंत म्हणाले, "घाबरू नका, दुपारपर्यंत पोचतो. सकाळी माज दिसला की संध्याकाळी भरवायची असते." तरी गणूदादा माझ्या घड्याळाखाली उभाच. मी म्हटलं, बस. म्हणाला, "बसलंय काय, उभं ऱ्हायलंय काय, एकच."

सावंत आले. कांडी कोमट पाण्यात धरली. काम झालं. तीन महिन्यांनी तपासून म्हणाले, गाभण आहे. पुढचे सहा महिने तांबूची तब्येत हा बाकड्याचा एकमेव विषय होता. मी मिनरल मिक्श्चरची एक पिशवी तशीच गणूदादाच्या हातात दिली. गुरुजी म्हणाले, "शेठने फुकट दिलं? लिहून ठेवा."

*

गाय व्याली त्या दिवशी गणूदादा सकाळी आला. आम्ही चौघंही होतो. त्याने खिळ्याकडे पाहिलं नाही, तेव्हाच कळलं.

"पाडा," तो म्हणाला. "गाय बरी हाय."

गुरुजींनी आपला चहा त्याच्यापुढे सरकवला. सावंत खाली बघत म्हणाले, "दादा, तिचं वय बघता ही शेवटचीच वेळ म्हणायची." मग वर बघून, "पण एक सांगतो. या चार गावांत कपिलेचा वळू नाही. हा देऊन टाकू नको. खच्चीही करू नको."

गणूदादाने चहा संपवला, कप धुऊन ठेवला आणि निघून गेला.

पंधरा-वीस दिवस तो फिरकला नाही. मात्र मालगुंडच्या बाजूचा एक माणूस गुरांना चाटायची मिठाची वीट घ्यायला आला आणि जाता जाता म्हणाला, "वरच्या वाडीत कपिलेचा पाडा हाय म्हनतात. कधी होईल तयार?" दोन दिवसांनी दुसरा आला, खालच्या गावचा. त्याच्याकडे दोन गाई. त्याने वाट विचारून घेतली, ओढ्यावरून की चढणीने.

मग एका सकाळी गणूदादा आला. दाढी केलेली, सदरा धुतलेला. सरळ तराजूजवळ गेला, खिळ्यावरची घंटी काढली, अंगठ्याने पुसली, कानाशी नेऊन वाजवली.

मी म्हटलं, "बांधू कागदात?"

"नको. मोठी दाखवा. सगळ्यांत मोठी."

मी वरच्या फळीवरची बैलाची घंटा काढून दिली. ती त्याने दोन्ही हातांनी हलवली. रस्त्यापलीकडच्या टपरीवाल्याने मान वर केली.

"अरे गणू," गुरुजी म्हणाले, "एवढंसं पोर. मान वाकेल त्याची."

"वाढंल की. आता आमी मुलाकडचे, गुरुजी. लांबून येनार मान्सं. घर सापडायला नको?"

त्याने मोठी घंटा काखेत मारली आणि लहान घंटी पुन्हा खिळ्याला अडकवली. नीट अडकली का ते हलवून बघितलं.

"ही इथंच ऱ्हावदे, शेठ. तांबूच्या नातीला लागेल."